पडद्यावरचे आपले घर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या व्याख्यानमालेत मराठी चित्रपटांवर मी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले, ह्याबद्दल मी तिचा आभारी आहे. मी समीक्षक नाही. कलाशाखेचा एक साधा पदवीधर असून केंद्र सरकारच्या नोकरीत जवळजवळ तीस वर्षे टिपणे लिहिण्यात घालविलेला माणूस आहे. चित्रपट पाहण्याचा मात्र मला शाळकरी वयापासून नाद आहे. आणि नादिष्ट माणसाला मते असतात व ती कोणी न विचारताही तो सांगतो. आज आपण ती होऊन मागितली आहेत, तेव्हा त्यांचा भार आपणांस सोसलाच पाहिजे!

विषय निघण्याचे कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे. महोत्सवात पाच मराठी चित्रपट दाखवावयाचे ठरले आणि ते कोणते, ह्यावर दोन पक्ष पडले. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, प्रसंग आनंदाचा आहे. 'श्यामची आई' दाखवा, 'अशी ही बनवाबनवी' दाखवा, डोळे ओले होतील आणि पोटभर हसूही येईल. तरुण मंडळी म्हणाली, 'फँड्री' दाखवा, 'कोर्ट' दाखवा. आमच्या कचेरीतले बंगाली आणि तमिळ मित्र त्यांची नावे घेतात आणि आम्हीच ते पाहिलेले नसतात. त्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी जो आक्षेप घेतला, तो मला विचार करण्याजोगा वाटतो. ते म्हणाले, "महोत्सवाला इतर भाषांचे पाहुणे येणार. त्यांच्यापुढे आपल्या घरातली उणीदुणी कशाला काढावयाची?"

हा आक्षेप केवळ चित्रपटांपुरता नाही. परप्रांतात आपण आपली भाषा कशासाठी जपतो, हाच त्यातला खरा प्रश्न आहे. ती पाहुण्यांना दाखविण्याची पैठणी आहे, की रोज नेसावयाचे लुगडे आहे? माझे उत्तर मी शेवटी सांगेन. तत्पूर्वी काही चित्रपटांविषयी माझी मते मांडतो. त्यांना मी तीनच कसोट्या लावतो. पडद्यावरचा माणूस मला ओळखू येतो काय? तो जी मराठी बोलतो ती त्याच्या तोंडची आहे, की लेखकाच्या? आणि चित्रपट संपल्यावर घरी जाताना आमच्यात बोलणे सुरू होते काय? ही तिसरी कसोटी मी सर्वांत मोठी मानतो. कारण आपल्या घरांतून, विशेषतः मुलांशी, मराठीतून बोलण्याचे विषयच कमी होत चालले आहेत. "जेवलास का," "अभ्यास झाला का," एवढ्यावर कोणतीही भाषा फार काळ जगत नाही.

आरंभ दादासाहेब फाळक्यांपासून करतो. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला, हे आपण जाणताच. ह्या गृहस्थांनी कलेचे शिक्षण बडोद्याच्या कलाभवनात घेतले होते आणि पुरातत्त्व खात्यात काही काळ नोकरीही केली होती. म्हणजे आपल्यासारख्या नोकरदारांच्या पंक्तीला ते काही दिवस बसलेले होते. सुदैवाने लवकर उठले. त्यांच्या ह्या उद्योगावर परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट काढला आणि २००९ साली तो ऑस्करसाठी भारतातर्फे पाठविला गेला. मला हा चित्रपट फार प्रिय आहे. थोर पुरुषावरचा चित्रपट म्हटला की पहिल्या दृश्यापासून हात जोडून बसावे लागते. इथे तसे नाही. इथे कर्ज आहे, विमा आहे, विकलेले सामान आहे; आणि नवऱ्याच्या वेडात हसतमुखाने सामील झालेली बायको आहे. मुलांना दाखविण्यास ह्याहून चांगला चरित्रपट मला ठाऊक नाही.

त्यानंतर 'प्रभात'. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली ही कंपनी. तिचे नाव घेताना माझ्या पिढीचा माणूसही नकळत सरळ बसतो. दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांच्या मुद्रेवरील शांतीची स्तुती सर्वांनी केली आहे. मला मात्र हा चित्रपट गौरीबाईंनी साकारलेल्या आवलीचा वाटतो. घरात दाणा नाही, मूल तापाने फणफणले आहे, आणि नवरा अभंगात रंगलेला आहे. तेव्हा ती पायातले पायताण हातात घेऊन देवळाकडे निघते. देवाशी असे भांडण्याचा अधिकार आपल्या संस्कृतीने बाईमाणसाला दिलेला आहे. तुकोबांची भक्ती जितकी खरी, तितकाच आवलीचा संतापही खरा, आणि दोघांपैकी कोणालाही खोटे न पाडता हा चित्रपट पुढे जातो. शांताराम आठवले यांनी ह्या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग तर लोकांनी तुकोबांचाच समजून गायिला. कवीला ह्याहून मोठी पावती कोणती मिळावयाची?

पुढच्याच वर्षी, १९३७ साली, त्याच कंपनीतून व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' आला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली तरुण मुलगी त्याला नवरा मानावयास साफ नकार देते, एवढीच कथा. शांता आपटे आणि केशवराव दाते यांची ती झुंज आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. प्रेक्षकाने कुठे रडावे आणि कुठे चिडावे हे वाद्यांनी सांगावयाचे नाही, असा दिग्दर्शकाचा निर्धार होता. हाच चित्रपट हिंदीत 'दुनिया न माने' ह्या नावाने निघाला. म्हणजे आमच्या घरातला जरठ-कुमारी विवाह प्रभातने साऱ्या हिंदुस्थानापुढे मांडला. तेव्हा उणीदुणी काढू नयेत ही आपली परंपरा आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला मी विनयपूर्वक 'कुंकू' पाहण्याची विनंती करीन.

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक आणि आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेला चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली ह्याच चित्रपटाला मिळाले. आपणां बृहन्महाराष्ट्रीयांना एका गोष्टीचा विशेष अभिमान वाटावा: श्यामच्या आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई ग्वाल्हेरच्या. साऱ्या महाराष्ट्राने जिला आई मानले, ती आई महाराष्ट्राबाहेरून गेलेली होती!

ह्या चित्रपटाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आपण तो रडण्यासाठी पाहतो. मला त्यातली आई हळवी वाटत नाही. ती कठोर वाटते. पोहावयास भिणाऱ्या मुलाला ती विहिरीवर धाडते, चोरीला क्षमा करीत नाही, आणि दारिद्र्य दाराशी येऊन ठेपले तरी मुलाच्या मनाला मिंधेपणा शिवू देत नाही. तो कर्जाच्या ओझ्याखाली पिचलेल्या घराचा चित्रपट आहे. आजच्या मुलांना तो संथ वाटतो हे खरे, पण आजीजवळ बसवून, मध्ये थांबवून, "सावकार म्हणजे कोण? जप्ती म्हणजे काय?" असे प्रश्न विचारू देऊन दाखविला, तर तो त्यांनाही पोचतो.

आणि त्याच अत्रे यांनी पुढच्याच वर्षी, १९५४ साली, 'महात्मा फुले' काढला. बाबूराव पेंढारकर त्यात जोतिरावांच्या भूमिकेत होते. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. एकाच माणसाने लागोपाठ दोन वर्षांत हे दोन चित्रपट काढले. आपण मात्र घराघरांत पहिला जपला आणि दुसरा विसरून गेलो. ह्याचा दोष चित्रपटाकडे किती आणि आपल्या आवडीनिवडीकडे किती, ह्याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

तमाशापटांविषयी सुशिक्षित घरांतून नाके मुरडण्याची रीत होती. पण अनंत माने यांचा १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, तो काही नाके मुरडणाऱ्यांच्या बळावर नव्हे. १९७२ सालच्या 'पिंजरा'त एक आदर्श शिक्षक तमाशातल्या बाईपायी रसातळाला जातो. गाव त्याला मेलेला समजून त्याचा पुतळा उभारते आणि अखेर स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. ही कल्पना मूळची जर्मन चित्रपटावरून घेतलेली असली तरी पुतळ्याचा विचार अस्सल आपल्याकडचा आहे. डॉ. श्रीराम लागू यांचा अभिनय थोरच. माझी तक्रार एवढीच, की पुरुषाच्या पतनाची सारी जबाबदारी बाईच्या घुंगरांवर टाकून चित्रपट मोकळा होतो. त्या मानाने आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा, २०१० साली आलेला 'नटरंग' मला अधिक न्यायी वाटतो. नाच्या होण्यासाठी पहिलवानाने आपले पीळदार शरीर गाळावे आणि त्याबद्दल त्याला कलेचे कौतुक न मिळता कुचेष्टा मिळावी, ही शोकांतिका पिंजऱ्यापेक्षा खोल जाते.

दादा कोंडके यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे लबाडीचे होईल. त्यांच्या पुढच्या चित्रपटांतील द्व्यर्थी संवाद मंडळाच्या कौटुंबिक कार्यक्रमात ऐकवावे, असे मी म्हणणार नाही. पण १९७१ सालच्या 'सोंगाड्या'तील भोळसट नाम्या हा मराठी मातीतला खरा माणूस आहे. त्याचे लेखक वसंत सबनीस. आणि गंमत पाहा, सतरा वर्षांनी, १९८८ साली, 'अशी ही बनवाबनवी'चे लेखकही सबनीसच! गावरान विनोद आणि शहरी विनोद अशा दोन वेगळ्या जाती आपण मानतो. लेखणी मात्र एकच होती.

'बनवाबनवी'विषयी ह्या सभागृहात वेगळे काही सांगण्याची गरज नाही. ज्या मुलांना मराठी पाढे येत नाहीत, त्यांनाही ह्या चित्रपटातले संवाद पाठ असतात. त्याची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'मधली. पण पुण्यातील भाड्याच्या खोलीची अडचण, घरमालकाचा खवचटपणा आणि चौघा मित्रांची भंबेरी ह्यांनी तो इतका मराठी झाला की मूळ चित्रपट आज फार थोड्यांना आठवतो. भाड्याचे घर मिळविण्यासाठी दोन पुरुषांना लुगडी नेसावी लागतात, ह्यावर आपण हसतो. फाळक्यांच्या काळी पडद्यावर यावयास कोणी स्त्री तयार नव्हती, म्हणून तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला करावी लागली. १९१३ साली जी नड होती तिचे १९८८ साली हसू झाले. मधल्या पंचाहत्तर वर्षांत समाज किती पुढे आला, ह्याचे हेही एक माप मानावयास हरकत नाही. परप्रांतात घर शोधताना "आप लोग नॉनव्हेज तो नहीं खाते?" असल्या प्रश्नांना तोंड दिलेल्या आपल्यासारख्यांना तर ह्या विनोदातली कळ अधिकच समजते.

आता माझ्या पेशाला जवळच्या चित्रपटांकडे वळतो. डॉ. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. म्हणजे वयाने तो आपल्या मंडळाच्या बरोबरीचाच. साखर कारखानदार हिंदुराव आणि दारूच्या आहारी गेलेला एक जुना गांधीवादी मास्तर, असा तो सामना. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढा एकच प्रश्न मास्तर विचारीत राहतो आणि त्या एका प्रश्नाने सारा डोलारा खिळखिळा होतो. कचेरीत काम केलेल्या माणसाला ह्या प्रश्नाची ताकद कळते. मोठमोठ्या प्रकरणांत शेवटी एखादे साधे नाव हरवलेले असते, आणि ते नाव पुन्हापुन्हा घेणारा एखादा चिवट माणूस लागतो. १९७९ सालचा 'सिंहासन' अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरचा. सत्ता म्हणजे भाषण नव्हे, तर दूरध्वनी, कुजबुज आणि वाट पाहणे, हे त्यात जितके नेमके दाखविले आहे तितके मी अन्य भाषांतही क्वचित पाहिले.

उमेश कुलकर्णी यांचा २००८ सालचा 'वळू' हा तर प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याने सेवेत रुजू होताना पाहावा असा. गावातला एक मोकाट वळू पकडावयास वनाधिकारी येतो. गावात शिरल्यापासून त्याला कळते, की वळू हे निमित्त आहे. प्रत्येकाला ह्या साहेबाच्या हातून आपापल्या शत्रूचा काटा काढावयाचा आहे. हिंदी पडद्यावर सरकारी माणूस एक तर लाचखाऊ असतो किंवा हुतात्मा. 'वळू'तला अधिकारी दोन्ही नाही. तो काम करावयास आलेला, थोडा गोंधळलेला, बराच सोशिक गृहस्थ आहे. माझी पहिली कसोटी इथे पूर्ण उतरते: हा माणूस मला रोज आरशात दिसतो.

'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीकडे परत यावयास पन्नास वर्षे लागली. २००४ साली ते संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला जाहीर झाले. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग, जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार, आणि कोकणातून शहरात आलेल्या आजोबांनी हे त्या पोराला सांगावयाचे कसे? ह्यात खलनायक नाही. डॉक्टर चांगला आहे, आजोबा चांगले आहेत, आणि तरीही दुःख टळत नाही. दृष्टी जाण्यापूर्वी मुलाला जग दाखवावे म्हणून आजोबा त्याला रुग्णालयातून घेऊन बाहेर पडतात, तेव्हा नियमावलीच्या बाजूने उभे राहावयाची सवय असलेल्या माझ्यासारख्यालाही नियमापेक्षा आजोबा बरोबर वाटतात. पुढे 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' ह्यांनीही ते सुवर्णकमळ मराठीला मिळवून दिले; ह्या पंधरा-वीस वर्षांत मराठी चित्रपटाने पुन्हा कात टाकली हे सर्वमान्य आहे.

आता ज्या चित्रपटाने मला घरच्यासारखे केले त्याविषयी. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१४ साली बर्लिनला बालचित्रपटांच्या विभागात गौरविला गेला आणि त्याला मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वडील गेलेले, आईची सरकारी नोकरी, तिची बदली कोकणातल्या एका लहान गावी होते, आणि अकरा वर्षांच्या मुलाला पुणे सोडून तिथल्या शाळेत बसावे लागते. पाऊस, समुद्र, खेकडे, नवे सवंगडी, एक रुसवा; बस्स. पण तो मुलगा बोलत नाही हो! आई नव्या कचेरीत नव्या लोकांशी झगडते आहे, आणि मुलगा घरी गप्प आहे. माझ्या नोकरीत पाच बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी सामान बांधताना भांडी किती, पुस्तके किती ह्याची यादी आम्ही केली. मुलांचे मित्र किती, ही यादी कोणत्याही प्रवासभत्त्याच्या अर्जात नसते. हा चित्रपट पाहून झाल्यावर माझ्या मुलीने आपल्या जुन्या गावच्या दोन मैत्रिणींची नावे घेतली. ती दोन्ही नावे मी त्या दिवशी प्रथमच ऐकली. त्या रात्री आम्ही बारापर्यंत बोलत बसलो, आणि मराठीतून बोलत बसलो. माझी तिसरी कसोटी मी इथूनच घेतली आहे. ह्या संदर्भात १९८२ सालच्या 'उंबरठा'चीही आठवण होते. घर सोडून दूरच्या गावी नोकरीला गेलेल्या स्त्रीची जागा घरात शिल्लक राहते काय, हा स्मिता पाटील यांनी त्यात विचारलेला प्रश्न बदलीच्या आदेशांबरोबर आजही अनेक घरांत शिरतो.

आता वादातल्या चित्रपटांकडे येतो. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ सालचा. कैकाडी भाषेत ह्या शब्दाचा अर्थ डुक्कर. जब्या शाळेत जातो, वर्गातल्या एका मुलीवर त्याचा जीव जडलेला आहे, काळ्या चिमणीच्या शोधात तो रानोमाळ हिंडतो. आणि गावाच्या सोयीसाठी त्याच्या कुटुंबाने भर वस्तीत डुकरे पकडावीत असे गाव फर्मावते. डुक्कर हाताशी येते न येते तोच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि ते सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर निसटते. पुढे पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते ज्या भिंतीवरून जातात, तिच्यावर बाबासाहेब आंबेडकर आणि सावित्रीबाई ह्यांच्या तसबिरी रंगविलेल्या आहेत. कोणी भाषण करीत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्या दिशेने. आपण 'महात्मा फुले' विसरलो असे मघाशी म्हटले. त्या विसरण्यावर हा दगड येऊन पडतो, असे मला वाटते.

'सैराट' २०१६ सालचा. गाणी लागली की आपली मुले नाचतात, नाचू द्यावीत. पण त्याच्या उत्तरार्धाकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? जातीबाहेर प्रेम केले म्हणून जीव वाचवीत पळालेली ती दोन पोरे हैदराबादला पोचतात. झोपडपट्टीत राहतात. पाटलाच्या घरी वाढलेल्या मुलीला पाण्याचे हंडे आणि परकी भाषा ह्यांना तोंड द्यावे लागते. हळूहळू ती कामाला लागते, तेलुगू शिकते, संसार उभा राहतो. मंडळींनो, हीदेखील परप्रांतातल्या मराठी कुटुंबाचीच कथा आहे! आपण येथे आलो ते बदलीचा आदेश, निवासस्थान आणि पगार घेऊन. ती दोघे आली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांना एका परक्या बाईने आसरा दिला. त्या शहरात अशा वेळी आपल्यासारखेच एखादे मंडळ भेटते, तर त्याने त्यांना गणपतीच्या आरतीला बोलाविले असते काय? नाव विचारून, आडनाव विचारून, मग? हा प्रश्न मी कोणावर ठपका ठेवण्यासाठी विचारीत नाही. पन्नास वर्षांच्या संस्थेने तो स्वतःला विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये एका वृद्ध शाहिरावर खटला चालतो आणि तारखांमागून तारखा पडत राहतात. पण मला त्यातला एक लहान प्रसंग विसरता येत नाही. सरकारी वकील असलेली मराठी बाई, दिवसभराचे काम आणि स्वयंपाक ह्यांत गुंतलेली, आपल्यासारखीच सज्जन, सुटीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जाते. नाटकात मुंबईत आलेल्या परप्रांतीयांची टर उडविलेली असते आणि सारे प्रेक्षागृह टाळ्या वाजविते. मुंबईत बसून तो प्रसंग कसा दिसत असेल, मला सांगता येणार नाही. इथे बसून पाहताना मात्र टाळ्यांसाठी उचललेला हात तसाच राहतो. कारण ह्या शहरात आपणच परप्रांतीय आहोत. आपल्याला येथील लोकांनी सामावून घेतले, मैदान दिले, गणपतीला वर्गणी दिली. 'कोर्ट' आपल्याला कळेल तितका तो मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकालाही कळणार नाही, असे मी थोड्या अभिमानाने म्हणतो.

आणखी एक मुद्दा भाषेचा. आपली मुले मराठी बोलावयास लाजतात, ह्याचे कारण त्यांना मराठीची नावड आहे असे नव्हे. "हे शुद्ध नाही," असे आपण त्यांना वरचेवर सुनावतो, हे त्याचे कारण आहे. 'सोंगाड्या'ची भाषा, 'कोर्ट'मधल्या सरकारी वकिलीणबाईंच्या घरची भाषा आणि 'सैराट'मधल्या आर्चीची सोलापूरकडची ठसकेबाज भाषा एकापाठोपाठ ऐकविल्या, तर मुलांना आपोआप कळेल की मराठी एकच एक नाही. आजीची वेगळी, आर्चीची वेगळी. मग हिंदीची वा बंगालीची छटा असलेली आपलीही मराठीच, हा धीर त्यांना येईल. मुले धीटपणे बोलू लागली की शुद्धलेखन मागाहून शिकविता येते. जी बोलतच नाहीत, त्यांना काय शिकविणार?

आता मघाच्या आक्षेपाचे उत्तर देतो. पाहुण्यांपुढे उणीदुणी काढावीत काय? ज्या घरात उणे बोलले जाते, ते घर जिवंत असते. प्रभातने ते बोलून दाखविले, अत्रे यांनी बोलून दाखविले, तेंडुलकर आणि मंजुळे यांनी बोलून दाखविले. आणि इतर प्रांतांत मराठी चित्रपटाचा मान आहे तो प्रामुख्याने ह्याच धाडसामुळे. पैठणी कपाटात राहिली तर घडीवर चिरते. लुगडे रोज नेसले जाते म्हणून टिकते.

म्हणून पाच चित्रपटांसाठी मी ही यादी सुचवितो: 'संत तुकाराम', 'श्यामची आई', 'अशी ही बनवाबनवी', 'किल्ला' आणि 'फँड्री'. ज्येष्ठांचे दोन्ही आग्रह ह्यात पाळले आहेत, तरुणांचा एक पाळला आहे, आणि दोन माझ्या पदरचे आहेत. 'फँड्री' मात्र शेवटच्या दिवशी उशिरा रात्री, निम्मे सभागृह रिकामे झाल्यावर लावू नये. तो शनिवारी संध्याकाळी, पाहुण्यांच्या उपस्थितीत, इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवावा. आणि महोत्सव संपल्यावर दर दोन महिन्यांनी एक चित्रपट ह्याच सभागृहात एकत्र बसून पाहावा. आता पुष्कळसे चित्रपट मोबाईलवर मिळतात हे मला ठाऊक आहे. पण तिथे जो तो आपापल्या कोपऱ्यात, कानांत बोंडे घालून पाहतो आणि पाहून झोपी जातो. इथे चित्रपटानंतर चहा असावा, अर्धा तास बोलणे असावे, आणि त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा बोलण्याचा मान अठरा वर्षांखालील मुलामुलींना असावा. त्यांच्या मराठीत कोणी दुरुस्ती करू नये, एवढा एकच नियम मी सुचवितो.

'कोर्ट' आणि 'सैराट' ह्या वर्षीच्या यादीत नाहीत, ह्याचे तरुणांनी वाईट वाटून घेऊ नये. दोन महिन्यांनी येणाऱ्या पहिल्या शनिवारी 'कोर्ट' लावावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिलेली आहे. सरकारी माणसाने दिलेली लेखी सूचना सहसा हरवत नाही. ती फक्त प्रलंबित राहते. ह्या खेपेस ती तशी राहू नये, हे पाहणे आपणां सर्वांच्या हाती आहे.